ताई, आवाज सापडला!

तीर्थस्वरूप ताईस (आणि पाकीट आधी तेच फोडतात म्हणून तीर्थस्वरूप भाऊजींसही),

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तिकडची खुशाली परवा फोनवर विचारायला घेतली होती, पण तू "मुद्द्यावर ये" म्हणालीस आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत फोन ठेवलास, त्यामुळे तुझ्या कंबरेची चौकशी राहूनच गेली. (म्हणून तर हे पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येतं, पण लिहिणाऱ्याला ते कळत नाही.) तर कंबर कशी आहे? भाऊजींचं पित्त काय म्हणतंय? भाचीचा अभ्यास? सगळं ठीक असणार असं धरून पुढे जातो, कारण ताई, आता मला अजिबात दम निघत नाही. सापडला! आवाज सापडला! एकवीस दिवस, दोन गॅरेजं, एक दंतवैद्य आणि एक सिमेंटचं पोतं एवढ्यांना पुरून उरलेला तो गाडीचा आवाज तुझ्या या भावाने काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी स्वतःच्या डोळ्यांनी पकडला. (हो, डोळ्यांनी. कानांनी नाही. तीच तर गंमत आहे.) कुठे पकडला ते लगेच सांगणार नाही. इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी मला वेड्यात काढलंत, आता थोडी कळ सोसा. आणि एक विनंती: शेवटचं पान आधी वाचायची तुझी जी लहानपणापासूनची खोड आहे, ती या वेळी कृपा करून आवर. तिथे दोन-तीन किरकोळ ताजा कलम आहेत, बाकी काही नाही.

भाऊजी त्या वेळी दौऱ्यावर होते, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो. गेल्या महिन्यात आपली गाडी चौकातल्या सर्कलच्या दगडी कट्ट्यावर चढली. (कशी चढली, कोणी चढवली, हा तपशील ताईने तुम्हाला दिलाच असेल.) कुणाला खरचटलंही नाही, पण पुढचं डावं चाक असं काही फेंगडं झालं की गाडी ओढून न्यावी लागली. दुसऱ्या दिवशी ताई पहिल्या गाडीने इथे हजर. बाहेरच्या खोलीत कोर्ट भरलं. आप्पा खुर्चीवर, ताई उभी, ही दारात, मी असाच इकडेतिकडे. आप्पा फक्त "चूक माझी आहे" एवढंच म्हणाले. मग ताईने निकाल दिला: वय वर्षं चौऱ्याहत्तर, आता स्टिअरिंगला हात लावायचा नाही, गाडी दुरुस्त करून विकून टाकायची, गिऱ्हाईक तिच्या शेजारचे दंतवैद्य, एक तारखेला व्यवहार. आणि आप्पांची ती किल्ली, पितळी शिट्टी अडकवलेली, ती पर्समध्ये टाकून संध्याकाळच्या गाडीने परत. आप्पांनी किल्ली दिली ती दोन्ही हातांनी दिली. एकच अट घातली, की सदोष गाडी आपल्या हातून कुणाकडे जाणार नाही. आधी निर्दोष करा, मग विका. तुला वाटलं, म्हातारा किती समजूतदार! मलाही तेच वाटलं असतं तर बरं झालं असतं.

आता भाऊजी, ही गाडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पण सांगतोच. आप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलची ही शेवटची गाडी. एकतीस वर्षं हा माणूस गाडीत डावीकडे बसला. उजवीकडे शिकणारा, डावीकडे आप्पा, आणि आप्पांच्या पायाखाली जादा क्लच, जादा ब्रेक. शिकणारा घाबरला की त्यांचं एकच ठरलेलं वाक्य: तू फक्त समोर बघ, ब्रेक माझ्याकडे आहे. हे वाक्य ऐकून गावातली अर्धी माणसं गाडी चालवायला शिकली. (तुझी भावजयही. पहिल्याच दिवशी तिने आमचं फाटक पाडलं, आणि फाटक उचलायला मी बाहेर आलो, पुढचं तुला ठाऊक आहे.) त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे सरळ रस्त्यावर गाढवसुद्धा गाडी चालवतं, माणूस कळतो तो वळणावर. सहा वर्षांपूर्वी स्कूल बंद केलं तेव्हा छपरावरची पाटी उतरवली, डावीकडचे जादा पेडल काढून टाकले आणि गाडी घरची झाली. आप्पा मात्र अजूनही बसायचं झालं की आधी डाव्या दाराकडेच जातात.

असो. तर गाडी आमच्या वस्तादांच्या गॅरेजात गेली. वस्ताद म्हणजे हातात पाना नसेल तर बोलायलाच येत नाही असा माणूस. त्यांनी आठ दिवस घेतले आणि पुढचे दोन्ही शॉकअप नवे, स्प्रिंग नवी, डावीकडचा खालचा आर्म नवा, सांध्यातली रबरं नवी, सगळं चकाचक करून दिलं. ही चालवायला, आप्पा डावीकडे, मी मागे. गॅरेजच्या फाटकातून बाहेर पडून पहिलं वळण घेतलं मात्र, टक... टण्ण! आधी बारीक, कोरडं टक, आणि लगेच पाठोपाठ भांडं पडल्यासारखं टण्ण. तिघांनीही ऐकलं. पुढच्या वळणाला पुन्हा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, टक-टण्ण. सरळ रस्त्यावर मात्र चिडीचूप. आप्पांनी मान तिरकी करून ऐकलं आणि निदान केलं, "पुढे, डावीकडे, काहीतरी सैल आहे." ताई, हे वाक्य लक्षात ठेव. त्यांच्याइतकं अचूक निदान पुढच्या एकवीस दिवसांत कोणीही केलं नाही, आणि त्यांना स्वतःलाही ते कळलं नाही.

आल्या पावली गाडी परत वस्तादांकडे. आप्पांना बाकावर बसवून वस्ताद स्वतः चक्कर मारून आले, शेजारी मी. दहा वळणं घेतली. आवाज नाही! वस्तादांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच उतरताना टक-टण्ण करून दाखवलं. तरीही माणूस सज्जन, गाडी जॅकवर चढवली. शॉकअपच्या डोक्यावर एक बेअरिंग असतं, वळताना ते फिरलं नाही तर स्प्रिंग पिळली जाते आणि मग टणकन सुटते, हे मला त्या दिवशी कळलं. ते बघायची रीत अशी की एकाने स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवायचा. उडी मारली तर हाताला कळते. मी हात ठेवला. स्प्रिंगने उडी मारली नाही, माझ्या बाहीने मात्र ग्रीस खाल्लं. (तोच शर्ट. तू दिलेला. हिला अजून सांगितलेलं नाही.) मग लिंक तपासली, चाकाचे नट तपासले, चाकामागचा पत्रा घासतोय का पाहिलं. सगळं ठणठणीत.

तेव्हा मी माझं खास हत्यार काढलं. तुला माहीत आहे, पाणीपुरवठा खात्यात माझं काम गळती शोधण्याचं आहे. रस्त्याखाली कुठे पाइप फुटलाय ते मी लोखंडी कांडीचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून सांगतो, म्हणजे माझा कान सरकारमान्य आहे. ती कांडी मी गॅरेजात घेऊन गेलो. चाकापाशी लावली, आर्मला लावली, बॉनेटला लावली, शेवटी जमिनीला टेकवून विचार करत उभा राहिलो आणि एकदम कानात आलं, सुळ्ळ्! ताई, वस्तादांच्या गॅरेजच्या फरशीखाली पाइप फुटला होता! दोन वर्षं त्यांच्या टाकीत पाणी का चढत नव्हतं याचा त्या क्षणी उलगडा झाला. फरशी उखडली, पाइप बदलला, वस्तादांनी मला मिठी मारली. गाडी होती तिथेच होती.

पण त्या दिवसापासून वस्तादांनी मला माणसात घेतलं आणि आम्ही शास्त्रीय पद्धतीने कामाला लागलो. मी वही केली. वहीत तीन रकाने: कोण चालवतंय, कोण बसलंय, आवाज आला की नाही. चार दिवसांत सरळ सरळ दिसलं की आप्पा गाडीत असले तरच आवाज येतो. आम्ही दोघंही उडालोच. वस्ताद म्हणाले, वजनाचा खेळ आहे, डाव्या बाजूला भार आला की सांधा दबतो. मग आप्पांना वाण्याच्या काट्यावर उभं केलं, बासष्ट किलो भरले. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं डाव्या सीटवर बसवलं, वर बारा किलोची आमच्या खात्यातली जुनी पाण्याची मीटरं ठेवली आणि पट्टा लावला. (फाटकापाशी एक पोलीस भेटला, त्याने पोत्याला पट्टा पाहून आम्हाला शाबासकी दिली आणि वस्तादांनी लावला नव्हता म्हणून त्यांना झापलं.) पोतं घेऊन बारा वळणं घेतली. आवाज नाही! पोतं काढून आप्पा बसवले, पहिल्याच वळणाला टक-टण्ण. ही म्हणाली, गाडी आप्पांना ओळखते, विकायला काढली म्हणून रडते. वस्ताद हसले नाहीत. त्या दिवसापासून ते गाडीला हात लावण्याआधी डोक्यावरची टोपी काढायला लागले.

मग मी शरण गेलो दुसऱ्या गॅरेजला, कॉम्प्युटरवाल्या. तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत, बोलतात हळू. गाडीला वायर जोडली, यंत्राने चार पानांचा अहवाल दिला, आणि त्याचं तात्पर्य असं की गाडी निरोगी आहे, फक्त वायपरची रबरं बदलावीत. मी म्हटलं, आवाज? तर म्हणे, आवाजाची नोंद नाही. घ्या! म्हणजे ज्याची नोंद नाही ते नाहीच! (आमच्या खात्यात बरी वेगळी तऱ्हा आहे म्हणा.)

रविवारी तुझे दंतवैद्य गाडी बघायला आले. माणूस गोड आहे, पण समोरच्याशी बोलताना डोळ्यांत न बघता तोंडात बघतो, त्यामुळे मी सगळा वेळ ओठ मिटून बोललो. ते चालवायला, आप्पा शेजारी. वळण. टक-टण्ण. दंतवैद्यांनी गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं, चाक दोन बोटांत धरून हलवून बघितलं आणि म्हणाले, मुळापासून हलतंय, असं ठेवण्यात अर्थ नसतो. तरी तुझ्या शब्दाखातर त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. आवाज गेला तर गाडी घेणार, नाही तर नाही. त्यावर तुझा फोन: "एकतीसच्या आत आवाज घालव, नाहीतर भंगारात दे, पण ती गाडी दारातून हलव." आप्पा शेजारीच बसले होते. तुझा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येतो, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. ते उठले, फडकं घेतलं आणि बाहेर जाऊन गाडीची काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

ते बघून ताई, मला रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी उठलो तो पेटूनच. ठरवलं की आवाज पुढून डावीकडून येतो ना, तर मी तिथेच जाऊन बसतो. पुढे आप्पांच्या पायाशी मी मावत नाही (ते मी करून पाहिलं, हिच्या शेजारणीसमोर). मग काल दुपारी मागच्या सीटच्या पुढ्यात आडवा झालो, आप्पांच्या सीटखालून डोकं घातलं, एका हातात कांडी, दुसऱ्या हातात बॅटरी. पाय खिडकीतून बाहेर. ही चालवायला, वस्ताद वळणावर कान देऊन उभे. मला समोर दिसत होते फक्त आप्पांचे बूट. तेच तपकिरी कॅनव्हासचे, डाव्याचा अंगठा शिवलेला. गाडी निघाली. बूट शांत, टाचेवर टाच. सरळ रस्ता संपत आला. आणि ताई, वळण यायच्या जरासं आधी, ही गिअर बदलणार तेवढ्यात, डावा बूट उचलला गेला आणि खाली दाबला, टक! आणि उजवा बूट उचलला गेला आणि खाली दाबला, टण्ण!

क्लच! आणि ब्रेक! आवाज आप्पांचा होता!

मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की हिने खराखुरा ब्रेक मारला आणि माझं टाळकं सीटच्या लोखंडावर आपटलं. (टेंगूळ आहे. मानाचं आहे.) आता उजेड पडला ना? सरळ रस्त्यावर ते कुणाच्याही भरवशावर निवांत बसतात, पण वळण आलं की एकतीस वर्षांचे पाय कुणाचं ऐकत नाहीत. पोत्याला पाय नसतात! वस्तादांना सवय नाही! आणि कॉम्प्युटर काय डोंबल ओळखणार म्हाताऱ्या माणसाचे पाय! मी खिडकीतूनच बाहेर आलो, रस्त्यात नाचलो, वस्तादांना मिठी मारली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. आप्पा गाडीतच बसून होते. त्यांना काही कळेना. मी सांगितलं तेव्हा त्यांनी वाकून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणीतरी ते तिथे आणून ठेवलेत. मग हळूच म्हणाले, "काढून सहा वर्षं झाली रे." आणि माझं नाचणं थांबलं.

वस्तादांनी पायाखालची चटई उचलली. खाली पत्रा निघाला, पेडल काढल्यावर त्या जागची भोकं बुजवायला मारलेला. चार स्क्रूंपैकी दोन तुटलेले, पत्रा मधोमध खोल दबलेला. त्यामुळे पाय पडला की वाजतो आणि उचलला की परत फुगतो. वस्तादांनी त्या खोलगट जागेवरून अंगठा फिरवला. म्हणाले, हे रोज रोज हलकं दाबून होत नाही, कुणीतरी एकदा जीव खाऊन दाबलंय. मग त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, बरंच पाहिलं, आणि चहा सांगायला निघून गेले. नवा पत्रा कापून बुधवारी लावायचं ठरलं, तोवर जुनाच चटईखाली ठेवला आहे.

तर ताई, हा असा सगळा प्रकार. गाडी संपूर्ण निर्दोष आहे, आप्पांची अट पुरी झाली, आणि तू दिलेल्या मुदतीच्या पाच दिवस आधी मी कामगिरी फत्ते केली. तुझ्या आज्ञेप्रमाणे एक तारखेला गाडी द्यायला आता कसलीही अडचण उरलेली नाही. भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद, कंबरेला जप, जड उचलू नकोस. लोभ आहेच, तो माझं टेंगूळ उतरल्यावरही राहू दे.

तुझा धाकटा भाऊ,
बारक्या

ता. क. १: अडचण उरली आहे. गाडी द्यायची नाही. दंतवैद्यांना तूच सांग, त्यांच्यासमोर तोंड उघडावं लागतं, मला ते जमणार नाही. आणि आप्पांची किल्ली, शिट्टीसकट, रजिस्टर पोस्टाने उलट टपाली पाठव. परवा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ त्यांनी वाचली. मला तिच्या वरचीही वाचता आली नाही. दोघांचे कागद सोबत जोडले आहेत, कोणता कुणाचा ते वय बघून गोंधळू नकोस.

ता. क. २: "पण कट्ट्यावर चढले त्याचं काय?" असं तू आता म्हणत असशील. ताई, बसून वाच. ते चढले नाहीत. मी चढवली. मागच्या मे महिन्यात तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस ना, की ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा मुलगा पन्नाशीला आला तरी बसने फिरतो? माझं लायसन्स वीस वर्षं कपाटात आहे हे खरंच आहे. पण तुझं ते बोलणं मला लागलं. मी आप्पांच्या मागे लागलो आणि आम्ही दोघं गुपचूप सकाळी सकाळी शिकायला जायला लागलो. हिलाही पत्ता नव्हता. चांगलं जमत होतं गं. त्या दिवशी सर्कलपाशी एक सायकलवाला आडवा आला, मी गांगरलो, आणि आप्पा नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "तू फक्त समोर बघ, ब्रेक माझ्याकडे आहे." मी लहानपणापासून ते वाक्य ऐकतोय. माझा पूर्ण विश्वास. मी स्टिअरिंग वळवलं, दोन्ही पाय उचलले आणि समोर बघत बसलो. आप्पांनी जीव खाऊन ब्रेक दाबला. ब्रेक तिथे सहा वर्षं नव्हता, हे त्याही क्षणी त्यांना आठवलं नाही आणि मलाही नाही. सायकलवाला वाचला, आम्ही कट्ट्यावर. त्या पत्र्यावरचा खड्डा तो आहे, आणि वस्तादांनी माझ्याकडे एवढा वेळ का पाहिलं तेही आता तुला कळलं असेल. दुसऱ्या दिवशी तू विचारत होतीस तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. आप्पा म्हणाले, "बारक्या, आत जाऊन पाणी आण." मी पाणी आणायला गेलो, आणि महिनाभर परत आलोच नाही. नंतर त्यांना विचारलं तर म्हणाले, शिकवणाऱ्याच्या गाडीत शिकणाऱ्याची चूक नसते, आमच्या धंद्याचा तो नियम आहे. मला लाज वाटते, ताई. तू मला काय वाटेल ते बोल, फोनवर बोल, खोलीभर ऐकू येऊ दे. पण किल्ली पाठव.

ता. क. ३: पाकीट डकवणार एवढ्यात राहवेना, म्हणून आज सकाळी घरातली दुसरी किल्ली आप्पांच्या हातात ठेवली आणि आम्ही गिरणीमागच्या मोकळ्या मैदानावर गेलो. (रागावू नकोस. तिथे कट्टा नाही, मी आधी जाऊन पाहून आलो होतो.) सवयीने ते डाव्या दाराकडे निघाले, मी म्हटलं, आप्पा, तिकडून. ते उजवीकडे बसले, मी डावीकडे. आरसा नीट केला, सीट पुढे घेतली, बराच वेळ नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, आणि मग गाडी अशी अलगद निघाली की मला कळलंसुद्धा नाही. मैदानाच्या टोकाला वळण आलं. आणि ताई, गाडीत आप्पांचे पाय उजवीकडे असताना, डावीकडून, चटईखालून, साफ आवाज आला: टक... टण्ण!

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय माझे होते.

आप्पांनी मान वळवली नाही. म्हणाले, "पाय वर घे. तू फक्त समोर बघ, ब्रेक माझ्याकडे आहे."

आणि ताई, या वेळी खरंच होता.